चिपवरचं नाव

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळं घरात एखादा कागद आला किंवा मोबाईलवर इंग्रजीत काही आलं, की ते माझ्यासमोर ठेवलं जातं. मला सगळं समजतं असं घरच्यांना वाटतं. खरं तर मला ते दोनदा वाचावं लागतं, आणि वाचून झाल्यावरही आपण बरोबर समजलो का, अशी धाकधूक राहते. तरी एका दिवशी मला जेवढं समजलं होतं तेवढं पुरलं. त्या दिवसाबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव उमरग्याच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत. आमच्या शेताच्या बांधाला लागून साहेबांचं शेत होतं. साहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर शेतातच दोन खोल्या बांधून राहायला आले, आणि त्यांच्याबरोबर एक कारवानी कुत्री आली. कारवानी म्हणजे उंच, लांब तोंडाची, कमरेत अगदी बारीक अशी जात. आमच्या भागात ती हौसेनं पाळतात. ही कुत्री पळायला लागली की तिचे पाय जमिनीला लागतात का नाही, असा प्रश्न पडायचा. साहेब तिला प्रदर्शनांना न्यायचे. तिथं चिप असल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून त्यांनी तिला चिप बसवून घेतली होती.

साहेबांचे गुडघे गेले तेव्हा त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. फ्लॅटमध्ये कारवानी ठेवणं म्हणजे तिला शिक्षाच. साहेबांनी ती माझ्या वडिलांना दिली. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो, गावही आप्पाच म्हणतं. साहेब बाहेरगावी गेले की तिला भाकरी घालायला आप्पाच जायचे, त्यामुळं दुसऱ्या कुणाचा विचार झाला नसावा.

साहेबांनी दोनच अटी घातल्या. एक, साखळीला बांधायची नाही. दुसरी, विकायची नाही. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शब्द." एवढंच. आमच्याकडं याच्यापुढं काही लिहून-बिहून घेत नाहीत.

मग साहेबांनी मला जवळ बोलावून चिपबद्दल सांगितलं. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि मानेच्या मागं कातडीखाली बसवतात. दवाखान्यातलं यंत्र वरून फिरवलं की त्यावर एक लांबलचक नंबर दिसतो. तो नंबर नोंदणीच्या वेबसाईटवर टाकला की मालकाचं नाव आणि फोन नंबर समोर येतो.

"आत्ता तिथं माझं नाव आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या घरातलं कुणाचं टाकायचं ते कळव. मी पुण्यातून बदलून देतो."

मी घरी येऊन हे आप्पांना सांगितलं. आई अंगणात भांडी घासत होती. आप्पांनी तिच्यापुढची पितळी घागर पायानंच जरा फिरवली आणि मला विचारलं, "ही घागर कुणाची?"

"आईची."

"हिच्यावर नाव कुणाचं हाय?"

घागरीवर आईच्या मामांचं नाव कोरलेलं आहे. लग्नात त्यांनी ती दिली होती.

"मामाचं," मी म्हणाले.

"मग घागर आपल्या घरी आली म्हून मामाचं नाव घासून काढलं का आपण? देणाराचं नाव असतंय गं त्याच्यावर. वापरणाराचं नसतंय. साहेबानं दिली, साहेबाचं नाव ऱ्हाऊ दे. ते पुसून तिथं आपलं नाव लावायचं म्हंजे काय बरं दिसतंय का?"

"आप्पा, ते तसलं नाव नाही. ही कुठं सापडली तर फोन कुणाला करायचा, त्याचं नाव आहे ते."

"सापडायला आदी हरवावी लागती. कारवानी हरवत न्हाय."

आप्पांचं म्हणणं चुकीचं होतं हे मला कळत होतं, पण ते ज्या भावनेनं बोलत होते ती चुकीची आहे असं मला म्हणता येईना. दिवाळीत मी तो विषय पुन्हा काढून बघितला. तेव्हाही घागरीचंच उत्तर मिळालं.

आईला सुरुवातीला ती कुत्री पसंत नव्हती. तिच्या बरगड्या दिसतात, त्यामुळं येणारा-जाणारा बोलायचा, "काय वहिनी, खायला घालत न्हाईत का हिला?" आईला ते लई लागायचं. ती जातच तशी असते असं तिनं सुरुवातीला सगळ्यांना समजावलं. मग समजावणं सोडून ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून तिला जास्तच घालायला लागली. कुत्री जाड झाली नाही ती नाहीच. पण आई विहिरीवर गेली की ती विहिरीवर, आई चुलीपाशी बसली की ती उंबऱ्यावर, असं सुरू झालं. आप्पा म्हणायचे, "दिली मला, अन् राखण करालीय हिची."

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक लग्न होतं. वरात दारासमोरून चालली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ नेमकी आमच्या वळणावर लावली. कुत्री उंबऱ्यावर बसलेली होती. ती अशी उठली की आईचा हात तिच्या पाठीवरून नुसता निसटला. वरातीतल्या पोरांच्या मधून ती हायवेच्या दिशेनं गेली. आम्ही मागं पळालो, पण कारवानीच्या मागं पळून काय उपयोग.

पुढचे तीन-चार दिवस आप्पा मोटारसायकलवरून येणेगूरपर्यंत आणि इकडं उमरग्याच्याही पुढं प्रत्येक ढाब्यावर, पंक्चरच्या प्रत्येक दुकानात विचारत फिरले. हायवेला ट्रक थांबत नाहीत, त्यामुळं रस्त्याच्या कडेला काही पडलेलं दिसलं की ते गाडी हळू करायचे. घरी आल्यावर त्यांच्या तोंडाकडं बघूनच आईला कळायचं.

गावात मात्र सगळ्यांना एकच आठवत होतं, की या कुत्रीला चिप आहे. शेजारचे काका रोज सकाळी यायचे. "पोरी, मोबाईलवर दिसत न्हाय का गं ती कुठं हाय? चिप हाय न्हवं तिच्यात."

"काका, ती चिप तसली नसते. तिच्यात नुसता नंबर असतो. ती सापडल्यावर कुणीतरी यंत्रानं वाचावा लागतो."

"मग तिला कशाला चिप म्हणायचं?" काका म्हणाले. "ट्रॅक्टरला लावत्यात ती बरी. फिरलं की मोबाईलवर फिरतंय."

त्या दिवसांत मी चिपबद्दल एवढ्यांना एवढं समजावलं, की परीक्षेत आलं असतं तर मला चांगले मार्क पडले असते.

मग एका दुपारी साहेबांचा फोन आला. आप्पांनी स्पीकर सुरू केला, कारण साहेबांचा फोन म्हणजे सगळ्यांनी ऐकायचा असतो.

"आप्पा, कुत्री कुठं आहे?" साहेबांनी इकडचं-तिकडचं काही विचारलं नाही.

"साहेब, वरातीत फटाकं उडालं, तवा बिचकून..."

"ती उमरग्यात आहे. तिथल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यातून मला फोन आला. पायाला काच लागली होती. एका ढाबेवाल्यानं तिला नेलं, आणि तो म्हणतोय की मालक पुण्यात असेल तर मलाच द्या." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तिला कुणाला दिली होती का?"

"न्हाय साहेब. तसं कसं करीन म्या."

"वर्ष होऊन गेलं, नाव बदलायला तुम्ही काही कळवलं नाहीत. मला वाटलं, नसेल ठेवली. मी डॉक्टरांना सांगितलंय, मी सांगेपर्यंत कुणाला देऊ नका. बघू." फोन ठेवला.

कुत्री जिवंत आहे हे ऐकून आईनं हात जोडले. आप्पांनी मात्र मोबाईल खाली ठेवला. ते म्हणाले, "साहेबाला वाटालंय, म्या इकली."

मी म्हणाले, "आपण जाऊन आणू की."

"आणू. पर शबूद गेला न्हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या टेम्पोतून आम्ही तिघंही उमरग्याला निघालो. आईला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती आधीच टेम्पोत बसली होती, फडक्यात भाकरी बांधून. वाटेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. डॉक्टरांना काय सांगायचं, साहेबांना काय सांगायचं. हायवेचे बोर्ड एकामागून एक जात होते आणि माझी वाक्यं दर बोर्डाला बदलत होती.

दवाखान्यात डॉक्टर होते, ढाबेवाला होता आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून आमची कुत्री निवांत पडली होती. पुढच्या पायाला पट्टी होती. आम्हाला बघून तिनं शेपूट हलवली, पण उठली नाही. ढाब्यावरची हाडं तिला मानवली असावीत. आईचा चेहरा उतरला.

ढाबेवाला चांगला धिप्पाड माणूस होता, बोलायला मोकळा. आप्पांनी आम्ही कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, "तुमची म्हणता? अवो, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी आली माझ्याकडं. मला वाटलं, मालकानं उपाशी हाकलली."

"ती जात बारीकच असती," आई म्हणाली. "अन् अंगानं भरलेलं माणूस म्हंजे लई सुखात असतंय, असं काय हाय व्हय?"

ढाबेवाल्यानं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि हसला. "मावशी, तुमचं बरोबर हाय. पर कुत्री म्या वाचवली. रस्त्यावरून उचलून आणली, टाके घालून घेतले. नाव पुण्याच्या साहेबाचं निघालं, तुमचं न्हाय. साहेब आले तर त्यांच्या हातात देतो. न्हाय तर माझ्याकडं हायच की."

डॉक्टरांनी संगणक आमच्याकडं वळवला. "मला जे दिसतं ते हे. मालक म्हणून साहेबांचं नाव, साहेबांचा फोन. तुमचं नाव यात कुठंच नाही. आणि साहेबांनी थांबायला सांगितलंय. मी काय करू, तुम्हीच सांगा."

आप्पा एरवी कुणाचं ऐकणारे नाहीत. पण टेबलाच्या पलीकडं संगणक असला की त्यांचा आवाज बसतो. त्यांनी मला खांद्याला धरून पुढं केलं. "हिला सांगा. पोरगी कालेजात हाय."

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, साहेबांना व्हिडिओ कॉल लावते. एकदा बोलू द्या."

साहेब खुर्चीत बसलेले दिसले, गुडघ्यावर शाल. मी आधी कुत्री दाखवली, तिची पट्टी दाखवली. मग मी बोलायला लागले आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"साहेब, आप्पांनी नाव बदललं नाही, कारण त्यांना ते देणाऱ्याचं नाव वाटलं. आमच्या घरी घागरीवर आईच्या मामांचं नाव आहे, तसं. ती दिली तुम्ही, म्हणून तुमचं नाव तिच्यावर असू द्यायचं, ते काढणं बरं दिसत नाही, असं ते म्हणायचे. मी त्यांना चिपचं समजावून सांगितलं होतं. पण ते तुमचं नाव काढायला तयार नव्हते. वर्षभर ती आमच्याच घरी होती. साखळी आम्ही आणलेलीच नाही."

साहेबांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. मग ते म्हणाले, "आप्पांना दे."

आप्पांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"आप्पा, खरंच त्यासाठी ठेवलं होतं माझं नाव?"

"व्हय साहेब. तुमी दिली न्हवं."

"आणि मी इथं बसून काय काय समजत होतो." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "चुकलं माझं. राग ठेवू नका."

आप्पांनी नुसती मान हलवली, ती साहेबांना दिसली का नाही कुणास ठाऊक, कारण मोबाईल त्यांनी छातीशी धरला होता. मी तो काढून घेतला. ढाबेवाला मघापासून ऐकत होता. त्यानं आपला पाय हळूच कुत्रीच्या डोक्याखालून काढून घेतला.

"डॉक्टर, कुत्री यांचीच आहे," साहेब म्हणाले. "यांच्या ताब्यात द्या. आणि नाव आत्ताच बदलू. आता उशीर नको."

"साहेब, तुमचं ऱ्हाऊ द्या की तरी," आप्पा मागून म्हणाले.

"आप्पा, उद्या ती परत कुठं सापडली तर फोन मला येणार. मी पुण्यात. या खुर्चीतून मी काय करणार सांगा. तुम्ही तिला भाकरी घालता, तर तुमच्याच घरातलं नाव पाहिजे."

डॉक्टरांनी मला त्यांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या खुर्चीवर बसायला मला संकोच वाटला, म्हणून मी कडेलाच बसले. साहेबांचं पान उघडायला त्यांच्या मोबाईलवर ओटीपीचे आकडे आले, ते त्यांनी वाचून दाखवले, मी टाकले. साहेबांचं नाव असलेलं पान उघडलं. तिथं नवीन मालकाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर टाकायचा होता. सगळं इंग्रजीत होतं, पण अवघड नव्हतं.

"मालक कोण लिहायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोरीचं लिवा," आप्पा म्हणाले. "तिला कळतंय सगळं."

माझी बोटं थांबली. मालक म्हणून माझं नाव येणार, याचा आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण कॉलेजात असताना माझा मोबाईल दप्तरात बंद असतो. पुढच्या वर्षी मी कुठं असेन तेही माहीत नाही. आप्पांचा मोबाईल रानात लागत नाही, आणि दर काही महिन्यांनी ते कुठलंतरी नवीन सिम घेऊन येतात. या पानावर मान कुणाला द्यायचा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की उद्या एखाद्या अनोळखी माणसानं फोन केला तर तो कोण उचलेल.

मी आप्पांना तेच विचारलं. "घरात फोन वाजला तर उचलतं कोण?"

आप्पांनी आईकडं बघितलं. मीही बघितलं. मग डॉक्टर आणि ढाबेवालाही बघायला लागले. आई खाली बसून फडक्यातली भाकरी मोडून कुत्रीला घालत होती. कुत्री तोवर उठून तिच्या मांडीशी आली होती.

"मला काय बघालाव सगळे?" आई म्हणाली.

"आई, मालकीण म्हणून तुझं नाव लिहिते."

"माझं कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"फोन आला तर उचलायचा आणि म्हणायचं, व्हय, माझी हाय. एवढंच कळायला पाहिजे."

"तेवढं कळतंय की."

"लिव," आप्पा म्हणाले. "हिचंच लिव. खरी राखण हिचीच हाय." त्यांनी हे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्यांचा आवाज परत जागेवर आला होता.

मी आईचं पूर्ण नाव टाइप केलं. आमचं घर आप्पांच्या नावावर आहे, शेत आप्पांच्या आणि चुलत्यांच्या नावावर. आईचं नाव कुठं मालकीण म्हणून लिहिल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. ते मी स्वतः, एकेक अक्षर तपासत लिहीत होते, आणि मला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी वाटलं नव्हतं तेवढं भारी त्या वेळी वाटलं. दुसरा नंबर म्हणून खाली माझा टाकला. पत्त्यात गावाचं नाव घातलं. मोबाईल आडवा धरून साहेबांना सगळं पान दाखवलं. त्यांच्या मोबाईलवर संमतीची लिंक गेली, त्यांनी बटण दाबलं आणि त्यांच्या नावाच्या जागी आईचं नाव आलं.

"आता ही माहिती अशीच ठेवून विसरायची नाही," डॉक्टर मला म्हणाले. "नंबर बदलला की त्याच दिवशी बदलायचा. चिप चांगली असून उपयोग नाही, फोन लागला पाहिजे." मग म्हणाले, "थांबा, लागतो का बघू." त्यांनी पडद्यावरचा नंबर बघून आपल्या मोबाईलवरून फोन लावला.

आईच्या पिशवीत तिचा बटणांचा फोन वाजला. रबर लावून बांधलेला तो फोन तिनं बाहेर काढला, रबर सोडलं आणि कानाला लावला.

"हालो. कोण बोलालंय?"

डॉक्टर तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ते गंभीरपणे फोनमध्ये म्हणाले, "दवाखान्यातून बोलतोय. एक कारवानी कुत्री आहे इथं. आपलीच का?"

आईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा मांडीवरच्या तोंडाकडं बघितलं आणि फोनमध्येच, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "व्हय. माझी हाय. तिला कुणाला देऊ नका. मी इथंच हाय."

ढाबेवाला हसला, डॉक्टरही हसले. आप्पा हसले नाहीत. ते भिंतीला टेकून आईकडं बघत होते. साहेबांना पहिल्यांदा कुत्रीबरोबर प्रदर्शनाला निघताना मी बघितलं होतं, तेव्हा त्यांचा चेहरा असा होता.

निघताना आप्पांनी ढाबेवाल्याचे आभार मानले, टाक्यांचा खर्च द्यायला बघितला, तो त्यानं घेतला नाही. टेम्पोपाशी येऊन तो आप्पांना म्हणाला, "आप्पा, एक मागणं हाय. हिला पिल्लं झाली तर एक मला द्या. लई जीव लागला होता."

"मला का इचारालाव?" आप्पा म्हणाले. "मालकीणबाईला इचारा."

आई टेम्पोत चढली होती आणि कुत्रीच्या पट्टीचा पाय आपल्या मांडीवर नीट ठेवत होती. तिनं ढाबेवाल्याकडं वरून खालपर्यंत बघितलं.

"बघू," ती म्हणाली. "आदी फोन करा."